खडतर बालपण मुलाला उसनं देता येतं का?

पत्राचा गोषवारा (ओळख पटेल असे तपशील वगळून):

'माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. 1982 चा संप सुरू झाला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, थोरला भाऊ पंधराचा. वर्षभरात वडील गावी निघून गेले. आईनं खोलीतच खाणावळ चालवून आम्हाला पोसलं. मी शाळेच्या आधी डबे पोचवायचो आणि रात्री आई सांगेल तसा वहीत हिशेब लिहून बेरीज करायचो. कोपऱ्यावरच्या वाण्यानं कधी उधारी बंद केली नाही. एका वर्षी वर्गशिक्षकांनी माझी फी परस्पर भरून टाकली. दिवसा नोकरी करत बी.कॉम. झालो आणि बँकेत लागलो. भाऊ मात्र वाया गेला. आज ठाण्यात स्वतःचं घर आहे, आई आमच्याकडेच असते. पैशाची अडचण नाही, तरी महिन्याच्या 25 तारखेनंतर अजूनही नीट झोप लागत नाही.

मुलाची दहावीची परीक्षा नुकतीच झाली. मुलगा वाईट नाही, पण त्याला कशाचीच किंमत नाही. ताटात टाकतो, पंखा चालू ठेवून जातो, आठ हजारांचे बूट मागतो. मी पॉकेटमनी बंद केला. सुट्टीत त्याला मित्राच्या गॅरेजमध्ये कामाला ठेवायचं आणि अकरावी-बारावी गावी, चुलत भावाकडे राहून करायला लावायची, असं ठरवलंय. बायकोचा विरोध आहे. मुलगा म्हणाला, "तुम्ही गरीब होतात हा माझा गुन्हा आहे का?" त्या दिवसापासून आमच्यात बोलणं नाही. मला ज्या कष्टांनी घडवलं, ते त्यालाही मिळावेत एवढीच इच्छा आहे. माझं चुकतंय कुठं?'

उत्तर:

तुमची इच्छा चुकीची नाही. मुलाला अन्नाची, पैशाची, दुसऱ्याच्या श्रमाची किंमत कळावी असं वाटण्यात गैर काय? पण 'मला कष्टांनी घडवलं' हे तुम्ही गृहीत धरून चालला आहात, आणि तुमच्या स्वतःच्या पत्रातलंच एक वाक्य त्याच्या आड येतं. 'भाऊ मात्र वाया गेला.' संप तोच, खोली तीच, आईही तीच. कष्टच माणूस घडवत असतील तर त्यांनी थोरल्याला का सोडलं? त्याची शाळा तेव्हा सुटली का, त्याला कुठं कामाला लावलं, घरात वडिलांच्या जागी त्याच्याकडून काय अपेक्षा होत्या, हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून त्यावर निकाल देत नाही. फक्त एक गोष्ट नजरेआड करू नका. तो तेव्हा पंधरा वर्षांचा होता. तुमचा मुलगाही आज त्याच वयाच्या आसपास आहे.

18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या त्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते आणि तो रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरणगावातली एक अख्खी पिढी त्यातून गेली. त्यातले काही अधिकारी झाले, काही शिक्षक झाले, पुष्कळांनी शाळा सोडून मिळेल ते काम धरलं, काही टोळ्यांच्या नादी लागले, काही दारूत बुडाले. 'आम्ही चटके सोसले म्हणून घडलो' हे सांगायला जे उरतात ते निभावून गेलेलेच असतात. बाकीच्यांना कोणी विचारायला जात नाही. त्यामुळे हे वाक्य ऐकायला जितकं खरं वाटतं तितकं ते भरवशाचं नसतं.

मग तुम्ही कशानं घडलात? पत्रातच आहे. वाण्यानं उधारी चालू ठेवली, म्हणजे एका मोठ्या माणसानं तुमच्या घराच्या शब्दावर भरवसा ठेवला. शिक्षकांनी चारचौघांत न सांगता फी भरली, म्हणजे मदत झाली आणि मान खाली गेली नाही. आणि आईनं दहा वर्षांच्या मुलाच्या हाती हिशेबाची वही दिली. ते काही तुम्हाला वळण लागावं म्हणून काढलेलं काम नव्हतं. दुसऱ्या दिवशी पीठ किती आणायचं, कोणाकडून किती पैसे यायचे आहेत, हे तुमच्या बेरजेवर ठरत होतं. चूक झाली असती तर घराला तिचा चटका बसला असता, आणि तरीही आईनं ती वही तुमच्याकडेच ठेवली.

यावर अभ्यासही झालेले आहेत. हवाईमधल्या कवाई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी अनेक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचं आजारपण अशा अनेक अडचणी एकत्र वाट्याला आलेल्या मुलांपैकी साधारण एकतृतीयांश मुलं उत्तम सावरली. त्यांच्यात पुन्हा पुन्हा दिसलेल्या गोष्टी साध्या होत्या. निदान एक तरी मोठं माणूस भक्कमपणे पाठीशी होतं, आणि घरात किंवा बाहेर त्यांच्या वाट्याला इतरांच्या उपयोगाचं काही काम होतं. ग्लेन एल्डर यांनी अमेरिकेतल्या 1929 नंतरच्या महामंदीत वाढलेल्या मुलांचा अभ्यास केला. त्यात आणखी एक गोष्ट पुढं आली, ती तुम्ही जरा थांबून वाचावी. घरातले पैसे आटल्याचा मुलांना बसलेला फटका बऱ्याच अंशी वडिलांच्या स्वभावातून बसला. ज्यांचे वडील चिडचिडे, लहरी, कधी काय बोलतील याचा नेम नाही असे झाले, त्या मुलांना तो जास्त बसला.

तुमच्या घरात आज टंचाई नाही. पण पंख्यावरून, ताटातल्या भातावरून, बुटांवरून जे चाललंय ते पाहता, टंचाईतला बाप मात्र तुमच्या मुलाला मिळतोय.

हे दुखावण्यासाठी लिहिलेलं नाही. 25 तारखेनंतर झोप न लागणं हे तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय, आम्हाला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. खात्यात पैसे असताना पोटात जो गोळा येतो तो दहा वर्षांच्या मुलाचा आहे, आणि चालू राहिलेला पंखा दिसला की तोच मुलगा ओरडतो. ही भीती आणि तुमची मूल्यं यांची आधी फारकत करा. काटकसर हे मूल्य आहे, पंधरा मिनिटं पंखा राहिला म्हणून संध्याकाळ नासवणं ही भीती आहे. घरातल्या टोकाटाकीतले दोनच नियम ठेवा (ताटात टाकायचं नाही, हा त्यातला एक असू द्या, तो रास्त आहे) आणि बाकीचे नियम सहा महिन्यांपुरते सोडून द्या. झोपेचा त्रास बरीच वर्षं असेल तर समुपदेशकाशी बोला. सुरुवात करायला टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, विनाशुल्क आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं.

आता तुमच्या दोन बेतांविषयी.

गॅरेजचा विचार मुळात वाईट नाही, त्यामागचा हेतू मात्र बदलायला हवा. 14 ते 18 वयाच्या मुलांना खाणी, ज्वलनशील पदार्थ, स्फोटकं आणि कायद्यानं धोकादायक ठरवलेल्या प्रक्रियांमध्ये कामाला ठेवता येत नाही. एरवीही सलग तीन तासांनंतर किमान एक तासाची विश्रांती, ती धरून दिवसाला सहा तासांपेक्षा जास्त नाही, संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम नाही आणि आठवड्याला एक सुट्टी, असे कायद्याचे दंडक आहेत. गॅरेजमध्ये पेट्रोल असतं, बॅटरीचं ॲसिड असतं, वेल्डिंग असतं. तेव्हा गाड्यांखाली नकोच. काउंटरवर बसून जॉबकार्ड लिहिणं, सुट्या भागांचा साठा मोजणं, ग्राहकाला फोन करून गाडी तयार असल्याचं सांगणं ही कामं त्याला जमतील आणि त्यातून तो पुष्कळ शिकेल. तीन-चार आठवडे, रोज चार तास पुरेत. जे ठरेल ते पैसे थेट त्याच्या हातात पडले पाहिजेत, तुमच्यामार्फत नकोत. आणि मित्राला 'जरा सरळ कर याला' असं चुकूनही सांगू नका. हे वाक्य सांगितलं की मालक काम शिकवत नाही, झाडू मारायला लावतो, चारचौघांत बोलतो, आणि मुलगा त्यातून एवढंच शिकतो की गरिबाला असं वागवायचं असतं. मित्राला आधी दोन प्रश्न विचारा: याला काम कोण शिकवणार, आणि याच्याकडून चूक झाली तर तू काय करणार? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी जागा बघा. मुलाला गॅरेजमध्ये रसच नसेल तर किराणा दुकान, झेरॉक्सचं दुकान, ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातलं नाव-नोंदणीचं टेबल, काहीही चालेल. निवड त्याची हवी.

पण नोकरीपेक्षाही जास्त उपयोगाची गोष्ट घरात आहे. भाजीबाजार त्याच्याकडे द्या.

कसा, ते जरा सविस्तर सांगतो, कारण हे अर्धवट केलं तर फसतं. पहिले दोन आठवडे काहीही न बदलता भाजी आणि फळांवर रोज किती जातात ते कागदावर मांडा. समजा आठवड्याला हजार रुपये आले. तर दर रविवारी सकाळी हजार रुपये त्याच्या हातात द्या, आणि रोख द्या. यूपीआयनं दिलेत तर पैसे संपत आलेले डोळ्यांना दिसत नाहीत. अटी तीनच ठेवा. आठवड्यातून दोनदा पालेभाजी झाली पाहिजे, आजीसाठी फळं आली पाहिजेत आणि पैसे मधे वाढवून मिळणार नाहीत. उरले तर त्याचे. फळांची आणि पालेभाजीची अट मुद्दाम आहे. ती नसेल तर मुलगा आठवडाभर बटाटे आणून पैसे वाचवील आणि वर तुम्हालाच काटकसर शिकवील.

पहिल्या रविवारी तो एका फेरीत सगळं उरकेल. मेथी, शेपू, कोथिंबीर ओल्या पिशवीतून काढून तशीच फ्रिजमध्ये जाईल आणि मंगळवारी पानं काळी, चिकट होतील. पैशाचा मोठा भाग भावाची चौकशी न करता पहिल्याच गाडीवर गेलेला असेल. गुरुवारी घरात कांदे-बटाटे आणि दोन टोमॅटो उरतील आणि खिशात तीस रुपये. खरी कसोटी या गुरुवारी आहे आणि ती तुमची आहे. गुपचूप दोनशे रुपये सरकवायचे नाहीत. 'मी सांगत नव्हतो?' असंही म्हणायचं नाही. पिठलं किंवा बटाट्याचा रस्सा करून सगळ्यांनी नेहमीसारखं जेवायचं. डाळी, कडधान्यं घरात असतात, एका आठवड्यानं कोणी उपाशी मरत नाही. टोमणा मारलात तर पुढच्या रविवारी तो पैसे घेणारच नाही, आणि त्याचंही बरोबर असेल.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फरक दिसू लागतो. पालेभाजी रविवारी आणि बुधवारी अशी दोनदा आणायची, ती निवडून कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. आधी पालेभाजी आणि भेंडी संपवायची, कोबी, दुधी, गाजर शेवटच्या दिवसांसाठी राखायचे. संध्याकाळी उशिरा गेलं की पालेभाजीचा भाव उतरतो, पण निवड उरत नाही. यातलं काही तुम्ही शिकवायचं नाही. त्यानं विचारलं तर आईकडे पाठवा. तिनं खाणावळ चालवली आहे, तिच्याइतकी जाणकार तुमच्या सोसायटीत कोणी नसेल. निदान तीन महिने तरी हे चालू द्या. कॉलेज सुरू झालं तरी हे थांबवायचं कारण नाही, आठवड्याला दोन फेऱ्याच आहेत. ज्यानं कोथिंबीर स्वतःच्या पैशानं आणली आहे तो ती ताटाच्या कडेला काढून ठेवत नाही, हे तुम्हाला न बोलता दिसेल.

आजीच्या औषधांची जबाबदारी मात्र त्याच्यावर एकट्यावर टाकू नका. शिकण्यासाठी असं काम हवं, ज्यात चुकलं तर गैरसोय होते पण कोणाच्या जिवावर बेतत नाही.

पॉकेटमनी पुन्हा सुरू करा. ज्याच्या हातात पैसेच नाहीत तो हिशेब कशाचा शिकणार? महिन्याचे त्याचे खरे खर्च, म्हणजे बस-रिक्षा, खाणं, मोबाइल रिचार्ज, त्याच्यासोबत बसून लिहा आणि त्यावर चौथा हिस्सा जास्त द्या. तो हिस्सा शिल्लक टाकायला किंवा उधळायला आहे, दोन्हीची मुभा असू द्या. एक तारीख ठरवा आणि ती चुकवू नका. गुणांशी आणि वागणुकीशी त्याची सांगड घालू नका, नाहीतर पैसा हा लाच किंवा दंड होतो. दहा वर्षांवरील मुलांना बँकेत स्वतःच्या सहीनं बचत खातं चालवता येतं, हे तुम्हाला बँकवाल्याला वेगळं सांगायला नको. तुमच्या मुलाचं असं खातं आहे का?

बुटांचा प्रश्न यातच सुटतो. चांगल्या, टिकाऊ बुटांना जे पडतात, समजा अडीच हजार, ते तुम्ही द्या. वरचे साडेपाच हजार त्याचे. महिन्याला पाचशे शिल्लक पडली तर अकरा महिने लागतील. तोवर पायाचं माप वाढेल हा मुद्दा तो स्वतःच काढेल. अकरा महिन्यांनी त्यानं तेच बूट घेतले तर मनापासून घेऊ द्या आणि तोंड वाकडं करू नका.

राहिली तुमची गोष्ट. ती त्याला सांगायलाच हवी, पण आजवर तुम्ही ती फक्त त्याला ओरडताना सांगितली असणार. 'आमच्या वेळी आम्हाला चपला नव्हत्या' हे ऐकताना मुलाला तुमच्या चपला दिसत नाहीत, स्वतःवरचा आरोप ऐकू येतो. म्हणून एक नियम पाळा. त्याच्याकडून काही चूक झाली असेल त्या दिवशी तुमच्या लहानपणाचा विषय काढायचा नाही. एरवी भाजी निवडताना, गाडीतून जाताना, दहा-पंधरा मिनिटं पुरतात, समोरासमोर बसवून व्याख्यान नको. आणि अर्धी गोष्ट सांगू नका. तुम्ही डबे पोचवलेत हे सांगाल, तसं शिक्षकांनी फी भरली हेही सांगा. वडील गावी गेले तेव्हा राग आला होता का, डबा घेऊन वर्गमित्राच्या दारात उभं राहायची लाज वाटली होती का, तेही सांगा. भावाबद्दल सांगा. मुलांना विजयाच्या कहाण्यांचा कंटाळा येतो, आणि तिथं आपल्याला जागा नाही हेही त्यांना लगेच कळतं. जिथं बाप घाबरला होता तो भाग ते कान देऊन ऐकतात.

एखाद्या रविवारी आईला घेऊन तिघं लालबाग-परळला जा. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी आज मॉल उभा आहे. मुलगा तिथं मित्रांबरोबर जाऊनही आला असेल. त्या रस्त्यावर तिन्ही पाळ्यांच्या भोंग्यावर माणसांचे लोंढे कसे सुटायचे ते आईला सांगू द्या. गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं. तुमच्या आईला त्या काळातल्या अशा बायका आठवत असतील. विचारून बघा. तिच्याकडे ती हिशेबाची वही उरली असेल तर ती मुलाच्या हातात द्या आणि तुम्ही खोलीबाहेर जा.

पत्नीशी आधी बोला. दोघांचं ठरेपर्यंत मुलासमोर एकही नवा नियम जाहीर करू नका. सध्या तो एकाच्या विरोधात दुसऱ्याच्या आडोशाला आहे. त्यातून पळवाट काढायची सवय तेवढी लागते.

इतर वाचकांसाठी दोन शब्द. परदेशात स्थायिक झालेल्या अनेक मराठी घरांत हाच पेच आहे. तिथं भाजीबाजाराऐवजी आठवड्याचं एक रात्रीचं जेवण पूर्णपणे मुलाकडे द्या, यादीपासून भांड्यांपर्यंत. ज्यांच्या घरी आज खरोखरच ओढाताण आहे, नोकरी गेली आहे किंवा पीक हातचं गेलं आहे, त्यांनी ती मुलांपासून लपवू नये, ती लपतही नाही. बारा-तेराच्या पुढच्या मुलाला आकडा आणि उपाय एकत्र सांगावेत: 'या वर्षी इतके कमी आले आहेत, म्हणून आपण हे आणि हे थांबवतोय, शाळेची फी बाजूला काढली आहे.' उपायाशिवाय नुसता आकडा सांगितला तर मूल रात्री जागं राहतं. आणि नवरा-बायकोतलं भांडण, सावकाराचे फोन, मनातली भीती यांसाठी मुलाला कान बनवू नका. घरकामाचा वाटा वाढवा, शाळा सोडवू नका.

आता गावाचा बेत. तो आत्ता सोडून द्या. चुलत भावाच्या घरात तो मुलगा 'सुधारायला पाठवलेला' म्हणून राहील, आठ दिवसांत गावाला ते कळेल, आणि भावाच्या घरावरही दोन वर्षं एक न मागितलेलं ओझं पडेल. गाव ही शिक्षा झाली की तो पुढं आयुष्यभर गावाकडे पाठ फिरवेल, आणि ते तुम्हालाच सगळ्यात जास्त लागेल. मे महिन्यात सगळेच दहा-बारा दिवस जाऊन या. थोरले भाऊ तिकडं असतील तर त्यांच्याकडेही जा.

यातलं काहीही करण्याआधी मुलाच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे राहिलंय. 'नाही, तुझा गुन्हा नाही,' एवढंच सांगा. त्याला 'पण' जोडू नका आणि तो लगेच काही बोलेल अशी वाट पाहू नका. निकाल लागला की अकरावीचा ऑनलाइन अर्ज येईल. तो भरताना शेजारी बसा, कागदपत्रं स्कॅन करून द्या, प्रत्येक कॉलेजला जायला-यायला रोज किती वेळ आणि किती पैसे लागतील ते त्याच्याकडूनच काढून घ्या, आणि पसंतीक्रम त्याला लावू द्या.